हिरव्या कडेचे हातमोजे

शनिवार, १४ जून

कॉफी नाही. एक थेंब नाही. काल नऊ तास कापून घेतलं, ओरडले नाही, रडले नाही, आणि शुद्धीवर आल्यावर एक कप मागितला तर स्टाइनर नावाचा हा दाढीवाला नर्स म्हणतो, आठवडाभर विसर. कॉफीनं म्हणे शिरा आवळतात. तंबाखूनं आवळतात. थंडीनं आवळतात. म्हणून खोली भट्टीसारखी तापवून ठेवलीय, ती पण जूनमध्ये, आणि मी घामानं चिंब होऊन पडलेय. मी त्याला सांगितलं, बाबा, चोपन्न वर्षांतली चाळीस कॉफीवर काढलीत, नाही मिळाली तर माझ्या शिरा रागानंच आवळतील. तो हसला आणि लाल सरबत ठेवून गेला. लहान पोरांना ताप आला की देतात ते.

तरी बरं आहे. खोटं कशाला लिहू. जिवंत आहे. एकटीची खोली आहे, खिडकीतून खाडी दिसते, बोटी येताना-जाताना दिसतात. घरी पडल्या पडल्या समुद्र बघायला मला कधी सवड होती? जेवण आयतं ताटात येतं. आज माशाचे वडे होते. पीठ जास्त, मासा नावाला, पण मी दोनदा घेतले.

ही वही सुन्निवानं दिली. ती खाली अतिदक्षता विभागात नर्स आहे. अकरा दिवस मी तिथं नळ्या लावून निपचित होते. पेशंट बेशुद्ध असला की तिथल्या नर्स त्याच्यासाठी रोज वही लिहितात, म्हणजे उठल्यावर माणसाला आपले हरवलेले दिवस परत मिळावेत. उरलेली पानं तू लिही म्हणाली. मी म्हटलं, मी सात यत्ता शिकलेली, आठवी बघितली नाही. ती म्हणाली, इथं कोण मार्क देणार आहे?

तर लिहिते. मी टोर्डिस. स्कार्वोय बेटावरच्या मासळीच्या कारखान्यात एकवीस वर्षं मासे कापते. मे संपता संपता एका तांबड्या माशाचा काटा हातमोज्यातून डाव्या मनगटाशी घुसला. असे शंभर घुसलेत. पण दुसऱ्या दिवशी ताप, तिसऱ्या दिवशी हात जांभळा, मग हेलिकॉप्टर. मांस सडवत जाणारा जंतू होता. डॉक्टर हेग्डालबाईनं चार वेळा कापून सडकं काढलं, तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत आतलं सगळं उघडं पडलं. काल तिनं माझ्या उजव्या मांडीचा मोठा तुकडा काढला, कातडीसकट, चरबीसकट, त्याच्या शिरेसकट, आणि तो हातावर बसवला. दुर्बिणीखाली, केसापेक्षा बारीक दोऱ्यानं, शिरेला शीर शिवली. मी त्याला ठिगळ म्हणते. ती तोंड वाकडं करते.

ठिगळ जगलं तर हात राहणार. मेलं तर कोपराखाली कापणार. येत्या शुक्रवारी सकाळी आठला ती पट्टी सोडून सांगणार. एका हातानं मासा कापता येत नाही, आणि मला दुसरं काही येत नाही.

दर तासाला स्टाइनर पेन्सिलीएवढं एक यंत्र आणतो. पट्टीत एक खिडकी ठेवलीय, तिथं ठिगळावर निळा टाका आहे. यंत्र त्यावर टेकवलं की आवाज येतो. हुश्श. हुश्श. रक्त पोचतंय. तोपर्यंत चिंता नाही. त्या जागेला जाणीव मात्र नाही, नसा तुटल्यात. सुई टोचली तरी कळणार नाही म्हणाला. टोचून दाखवली. खरंच नाही कळली.

रविवार, १५ जून

नाश्त्याला ब्राऊन चीज आणि पाव. कॉफीशिवाय ब्राऊन चीज म्हणजे शिक्षा.

दुपारी वही पहिल्यापासून वाचायला घेतली. माझ्याबद्दल एवढं कुणी कधी लिहिलं नसेल. सुन्निवाचं अक्षर गोल गोल आहे. “प्रिय टोर्डिस, आज तुझं तोंड धुताना तू बेशुद्धीतही कपाळाला अशी आठी घातलीस की मी माफी मागितली.” “प्रिय टोर्डिस, आज ताप थोडा उतरला. केस धुतले. पांढरे बरेच आहेत, पण दाट आहेत.” मेली.

चौथ्या दिवसाचं पान असं आहे. “आज तीन वाजता तुझी कामावरची जोडीदारीण भेटायला आली. मी म्हटलं, बोल तिच्याशी, अशा माणसालाही ऐकू येतं. ती म्हणाली, आम्हाला बोलायची सवय नाही. मग तुझा डावा हात पट्टीवरून धरून बसून राहिली.” पाचव्या दिवशी परत. सहाव्या दिवशी परत. अकराव्यापर्यंत रोज, तीन वाजता.

मी खूश झाले. लिहायला लाज वाटते, पण झाले. कामाच्या बाकाशी समोरासमोर दोघी उभ्या असतो. सध्या माझ्यासमोर एक लिथुआनियाची पोरगी आहे. सहा महिन्यांत मी तिला धड नमस्कार केलेला नाही. आणि ती चार तास बोटीतून येऊन माझा हात धरून बसत होती? घरी गेले की तिला वाफल करून घालीन. वर मुरंबा, साय, सगळं.

स्टाइनरला सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे तुला मैत्रीण आहे? मग आमच्यावरच का गुरगुरतेस? मी म्हटलं, तुम्ही कॉफी देत नाही म्हणून.

सोमवार, १६ जून

मुकादमाला फोन केला. पोरीला निरोप दे म्हटलं. तो म्हणाला, कुठली पोरगी गं, ती तर तुला काटा लागला त्याच आठवड्यात गावी गेली, अजून आली नाही. मग दुसरी कुणी आली असेल म्हटलं. तो म्हणाला, टोर्डिस, इथं सगळ्या दोन दोन पाळ्या ओढतायत, तुला बघायला कोण येणार? वाईट बोलायचं नव्हतं त्याला. खरं तेच बोलला. मग विचारलं, कामावर कधी येतेस.

सुन्निवाला वर बोलावून घेतलं आणि झाडलं. म्हटलं, तुम्ही दुसऱ्याच बाईचं माझ्या वहीत लिहून ठेवलंय. ती लाल झाली. पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीवरचं नाव बघितल्याशिवाय आम्ही पान लिहीत नाही म्हणाली. आणि बाई तिला चांगली आठवत होती. साठीची, ठेंगणी, कारखान्याचं निळं जाकीट. नाव विचारलं तर म्हणाली, टोर्डिसला माहीत आहे. हातात पांढरे सुती हातमोजे. जंतुनाशक लाव म्हटलं तर काढले नाहीत, तसेच हात पुढे केले. हातमोज्यांच्या कडेला हिरवी लोकर शिवलेली होती. सुन्निवाला ते गोड वाटलं म्हणे.

मी तिला जा म्हटलं.

आमच्याकडे रबरी हातमोज्याच्या आत सुती घालतात. सगळ्यांचे एकत्र धुवायला जातात, म्हणून जिनं तिनं कडेला आपल्या रंगाची लोकर शिवायची. माझी लाल. पोरीची पिवळी. हिरवी बोर्गनीची होती. तिच्यानंतर हिरवी कुणी घेतलेली नाही. घेऊ नका असं कुणी सांगितलेलं नाही. पण नाही घेतली.

बोर्गनी दोन वर्षांपूर्वी वारली. याच इस्पितळात. याच रोगानं.

मंगळवार, १७ जून

नीट लिहिते, म्हणजे डोकं नीट राहील.

बोर्गनी एकोणीस वर्षं माझ्यासमोर उभी होती. यंत्रांचा आवाज एवढा, की कानावर झाकणं घालावी लागतात. बोलणं शक्य नाही. म्हणून बाकावरच्या दोघी एकमेकींचा हात दाबून सांगतात. सुरी उजव्या हातात, म्हणून दाबायचा डावा, मनगटाच्या वर. एकदा दाबलं तर सुरी बदल. दोनदा दाबलं तर चल, तीनची कॉफी. आणि धरून ठेवलं, सोडलंच नाही, तर माझं काहीतरी झालंय, थांब.

तिला काटा लागला त्या दिवशी तिनं माझा हात धरून ठेवला होता. सरकत्या पट्ट्यावर मासे येत होते, ढीग साचत होता. मी हात झटकला. तिला रडगाणं गायची सवय, असं माझं मत होतं. ती पाळी संपेपर्यंत उभी राहिली. चौथ्या दिवशी तिला इथं आणलं.

इथून तीनदा फोन आला. तिला तुला भेटायचंय, जवळचं दुसरं कुणी नाही. पहिल्यांदा म्हटलं, हंगाम आहे. दुसऱ्यांदा म्हटलं, बघते. तिसऱ्यांदा म्हटलं, शुक्रवारी येते. ती गुरुवारी गेली. दुपारी. एवढंच आहे.

आणि हीच बोर्गनी मला न्यूमोनिया झाला तेव्हा नऊ दिवस बर्फातून मटणाचा रस्सा घेऊन येत होती. काही न बोलता विणत बसायची. मी म्हणायचे, जा आता घरी, डोकं दुखतंय.

सुन्निवानं वहीच्या मागे एक लिफाफा चिकटवलाय. आत माझा बेशुद्धीतला फोटो. सोबत कुणी असेल तेव्हा उघड म्हणाली होती. कुणाची वाट बघू? उघडला.

मी पलंगावर. तोंडात नळी. चेहरा फुगलेला. शेजारी खुर्ची, खुर्चीवर कुणी नाही. माझा डावा हात गादीच्या वीतभर वर आहे. खाली उशी नाही. वर दोरी नाही. हवेत आहे.

सुन्निवाला फोन करून विचारलं. ती म्हणाली, तुझा हात कायम उशीवर असायचा. मी म्हटलं, उशी दाखव. ती म्हणाली, पट्टी बदलताना उचलला असेल कुणीतरी. मग तो कुणीतरी कुठाय म्हटलं. तर तिला दुसऱ्या पेशंटनं हाक मारली.

तीन वाजता इथं पाळी बदलते. सगळे नर्स शेवटच्या खोलीत बसून एकमेकांना माहिती देतात. वीस मिनिटं खोलीबाहेरच्या गल्लीत चिटपाखरू नसतं. तेव्हाच झालं. ठिगळावर कुणीतरी दाबलं.

दोनदा.

ठिगळाला कळत नाही, हे मला माहीत आहे. मी सुई टोचून बघितली नंतर. नाही कळत.

बुधवार, १८ जून

झोप नाही. या दिवसांत इथं रात्रीही उजेड मावळत नाही, म्हणून झोप नाही. असंच सांगितलं त्यांना.

पावणेतीनला घंटी दाबून स्टाइनरला बोलावलं. माझ्याजवळ बस म्हटलं. काय होतंय विचारलं त्यानं. काही नाही, बस म्हटलं. तो म्हणाला, तू आणि बस म्हणतेस? ताप बघू. पण बसला. त्याच्या गावचं काहीतरी सांगत होता, सासऱ्याच्या होडीचं. मी ऐकत नव्हते, पण बरं वाटत होतं. तीनला त्यानं सहज यंत्र टेकवलं.

आवाज नाही.

त्यानं जागा बदलली. जेली लावली. नाही. त्याचा चेहरा बघितला आणि मला कळलं. मला तर आधीच कळलं होतं, कारण हात धरलेला होता. दाबून सोडलेला नाही. धरलेला.

हेग्डालबाई पळत आली. पट्टी कापली. ठिगळ पांढरं पडलं होतं, मेणासारखं. त्यावर चार खळगे एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. आणि खळग्यांत बारीक बारीक जाळी उमटलेली. सुती कापडाची वीण उमटते तशी.

बाई माझ्यावरच ओरडली. कुणी दाबलं हे? तू अंगाखाली घेतलास? मी म्हटलं, स्टाइनर इथंच बसला होता, त्याला विचार. त्याच्या हातात हातमोजे होते, रबरी, निळे. त्यांना जाळी नसते.

अकरा मिनिटांनी आवाज आला. आपोआप. हुश्श. हुश्श. ठिगळ हळूहळू गुलाबी झालं.

बाई पलंगावर बसली. आजपर्यंत बसली नव्हती. म्हणाली, टोर्डिस, शीर आतून चांगली आहे, बाहेरून दाब आला. परत असं झालं आणि अर्धा तास राहिलं, तर मी ती उघडू शकणार नाही. मग हात जाईल. कळलं का?

कळलं.

त्यांनी शिरेवर एक तार बसवली, नवी पट्टी बांधली, तारेतून आवाज ऐकवणारा डबा पलंगाशी ठेवला. आता आवाज कायम चालू. दारावर पाटी लावली, भेटायला मनाई. मी हसले. खूप हसले. स्टाइनर म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, पाटी लावलीत, आता लोकांची किती गैरसोय होईल.

खिडकीतून चार वाजताची बोट दिसली. उतरणाऱ्यांना घ्यायला माणसं उभी होती. मी मोजली नाहीत.

गुरुवार, १९ जून

सकाळी. आवाज चालू. हुश्श. हुश्श. माझी छाती एका तालात, हा दुसऱ्या. गळ्याशी बोटं ठेवून बघितलं. माझी नाडी जलद चाललीय. डब्यातली सावकाश. स्टाइनर म्हणतो, यंत्राला उशीर होतो कधी कधी. त्याला सुद्धा पटलेलं नव्हतं.

आज गुरुवार आहे, बोर्गनी गेली तो वार, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

अकरा. स्टाइनरला विचारलं, दोन वर्षांपूर्वी बोर्गनी नावाची बाई होती, तू होतास का? होता. म्हणाला, रोज दाराकडे बघायची. हात कापायचं ठरलं तेव्हा म्हणाली, शुक्रवारपर्यंत थांबा, माझी जोडीदारीण येतेय, तिला विचारून सांगते. ते थांबले. एक दिवस.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्यासाठी थांबले.

मी विचारलं, कुठल्या खोलीत. तो म्हणाला, जाऊ दे ना. मग म्हणाला, खाडी दिसायची तिथून.

एक. जेवण परत पाठवलं. मुकादमाचा फोन, उचलला नाही.

अडीच. स्टाइनरला तीनला थांब म्हटलं. तो म्हणाला, आज माणसं कमी आहेत, पाळी सोपवून लगेच येतो, वीस मिनिटं. डबा आहेच, घंटी आहेच. लाल बटण माझ्या उजव्या हाताशी ठेवलं. डोक्यावर हात ठेवून गेला. कुत्र्याच्या ठेवतात तसा. मला चाललं.

तीनला दोन मिनिटं. गल्ली रिकामी. शेवटच्या खोलीतून कॉफीचा वास —

तीन. दोनदा दाबलं. हो गं. कॉफी. मला देत नाहीत ना इथं —

खुर्ची जरा पुढे आहे. मघाशी भिंतीला होती. दिसत काही नाही. माशांचा वास. ओल्या लोकरीचा.

बोर्गनी, मी तेव्हा आले असते. हंगाम होता —

नाही. खोटं कशाला लिहू. आले नसते.

धरलं. घट्ट. पट्टीच्या खिडकीतून दिसतंय, पांढरं पडत चाललंय, खळगे — डब्याचा आवाज हळू — हळू —

बंद.

घंटी उजव्या हाताशी आहे. दाबायची तर पेन खाली ठेवायला हवं. डाव्या हाताला जरा हिसका दिला तर सुटेल ती. मला माहीत आहे, सुटते. एकदा सुटली होती.

दुखत नाही. ऊब आहे. एवढ्या वर्षांत माझा हात कुणी — डॉक्टर सोडून —

पाच मिनिटं. सात.

झटकणार नाही मी या वेळी. ऐकतेस ना? झटकत नाहीये. पण तू काय घ्यायला आलीस ते सांग. हात न्यायचा असेल तर ने, एका हातानं मी कुठंही पडून राहीन. मला न्यायचं असेल तर तसं सांग. नुसती बसायला आली असशील तर जरा सैल धर, बये, मरत चाललंय ते —

बारा. गल्लीत अजून कुणी नाही.

उद्या आठला हेग्डाल पट्टी सोडणार. त्याच्या आत मला उत्तर पाहिजे, बोर्गनी. इथंच, या पानावर, खाली जागा सोडतेय. हात, का मी, का नुसतं — आणि माझ्यासारखं बघते म्हणू नकोस, हंगाम आहे म्हणू नकोस. शुक्रवारी सकाळी आठच्या आत सांग, नाहीतर मी —